दोघांनीं उभारलेलें घर

‘घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून’ ही म्हण आपल्या घरोघरीं ऐकूं येते, ती बहुधा सुस्कारा टाकतांना. कंत्राटदारानें तिसऱ्यांदा वायदा मोडला, किंवा ऐन मांडवांत व्याही रुसून बसले, म्हणजे घरांतील एखादे वडीलधारे गृहस्थ ती उच्चारतात आणि बाकीचीं माणसें माना डोलवितात. या दोन्हीं प्रसंगीं माणसाच्या पैशाची, धीराची आणि स्वभावाची परीक्षा होते, हा तिचा सरळ अर्थ. परंतु ज्यांनीं आधीं लग्न केलें आणि मग त्याच जोडीनें, तयार घर विकत न घेतां, लोकांनीं टाकून दिलेल्या जागीं स्वतःचें घर उभारलें, त्यांनीं या दोन्हीं परीक्षा एकदमच दिल्या असें म्हटलें पाहिजे. अशा तीन दांपत्यांची हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें मांडावी, आणि तींतून आपल्या घरांसाठीं कांहीं घेण्यासारखें आहे काय तें पहावें, असा आमचा विचार आहे.

प्रथम एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधतों. ‘दंपती’ हा शब्द आपण लग्नपत्रिकेंत नेहमीं वाचतों, पण त्यांत घर दडलेलें आहे हें सहसा ध्यानांत येत नाहीं. वेदांत ‘दम’ म्हणजे घर, आणि ‘दंपति’ म्हणजे घराचा धनी. लॅटिन भाषेंतील ‘डोमुस’ हा घराचा वाचक शब्द याच कुळांतला. ‘दंपति’ शब्दाचें द्विवचन केलें म्हणजे ‘दंपती’ होतें. अर्थ, घराचे दोन धनी. पुढील वैयाकरणांनीं ‘जाया’ शब्दाच्या जागीं ‘दम्’ येतो असें सांगून त्याची निराळी उपपत्ति लाविली आहे. तथापि जुना अर्थ आम्हांस अधिक गोड वाटतो. एक धनी आणि दुसरी त्याच्या घरांत राहणारी, असा अर्थ त्या शब्दांत नाहीं. दोघेंहि धनी. ही गोष्ट पुढील मजकुरांत पुन्हां उपयोगीं पडणार आहे.

पहिलें दांपत्य इंग्लंडांतील. व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट ही कवयित्री व कादंबरीकार; तिचा पति हॅरल्ड निकल्सन हा परराष्ट्रखात्यांतील अधिकारी व पुढें लेखक. व्हिटेचा जन्म केंट परगण्यांतील नोल नांवाच्या प्रचंड वाड्यांत झाला. ती आईबापांची एकुलती एक मुलगी. त्या वाड्याच्या दगडान्‌दगडावर तिचें प्रेम होतें. परंतु १९२८ सालीं वडील वारले तेव्हां, केवळ मुलगी म्हणून, तो वाडा तिच्याकडे न येतां तिच्या चुलत्याकडे गेला. ज्या घरांत आपण वाढलों त्या घराची वाट आपणांस बंद झाली, हें दुःख तिनें जन्मभर बाळगलें.

दोन वर्षांनीं, १९३० च्या वसंतांत, तिनें सिसिंगहर्स्ट नांवाची एक जागा पाहिली. वाडा म्हणावा तर तो उरला नव्हता. सोळाव्या शतकांत तेथें मोठें राजेशाही घर होतें. १५७३ सालीं पहिली एलिझाबेथ राणी तेथें मुक्कामास आली होती. पुढें अठराव्या शतकांतील सात वर्षांच्या युद्धांत फ्रेंच कैद्यांना तेथें कोंडलें, त्यांनीं व काळानें मिळून घराची धूळधाण केली. त्यानंतर तेथें गांवच्या गरिबांचें आश्रयगृह झालें, आणि अठरावें शतक संपतांसंपतां बहुतेक इमारत पाडून टाकिली. राहिलें काय, तर एक उंच विटांचा मनोरा, प्रवेशद्वाराची एक लांब ओळ, आणि एकमेकांपासून तुटलेलीं दोन लहान घरें. मधल्या मोकळ्या जागेंत मोडके पलंग, गंजलेल्या तारा, माशांचे रिकामे डबे यांचे ढीग. केवळ तो केरकचरा हलवावयास सुमारें तीन वर्षें लागलीं. या सर्वांची किंमत त्यांनीं १२,३७५ पौंड दिली. व्हिटेच्या मनास एक गोष्ट विशेष भावली. तिच्या सॅकव्हिल घराण्यांत सोळाव्या शतकांत जी सून आली होती, ती याच सिसिंगहर्स्टची मुलगी होती. बापाचें घर गेलें, पण एका पूर्वज-स्त्रीचें माहेर सांपडलें.

आतां या तुटक इमारतींत संसार कसा मांडावा? दुसऱ्या कोणी असतें तर मध्यें नवी इमारत घालून सर्व एकत्र जोडलें असतें. या दोघांनीं तसें केलें नाहीं. मनोऱ्यांतील खोली व्हिटेच्या लिहिण्याची. एका लहान घरांत दोघांची निजण्याची व्यवस्था व हॅरल्डचें लेखन. दुसऱ्या घरांत स्वयंपाक, जेवण आणि दोन मुलगे. जुन्या तबेल्याची जमीन नीट करून तेथें पुस्तकांचा मोठा दिवाणखाना केला. पाहुण्यांसाठीं खोली मुळींच ठेविली नाहीं. म्हणजे जेवावयास जावयाचें तर पावसांत छत्री घेऊन बागेंतून जावयाचें. आमच्या वाचक-भगिनींस हें ऐकून हंसूं येईल. पण ज्यांनीं जुन्या वाड्यांत मागील चौकांत न्हाणीघर आणि त्यापलीकडे विहीर असा संसार पाहिला आहे, त्यांस तें फारसें नवलाचें वाटूं नये. ज्या भिंती पडल्या होत्या त्यांच्या जागीं त्यांनीं झाडांच्या भिंती उभ्या केल्या. हॅरल्डनें रेषा आंखल्या, व्हिटेनें त्या रेषांत फुलें ओतलीं. एकाचा स्वभाव मोजमापाचा, दुसरीचा मुक्तहस्त. दोघांचे मतभेद होत, पण बागेस दोन्हीं स्वभाव लागले. १९३८ सालीं एक शिलिंग घेऊन ती बाग लोकांस पाहावयास खुली झाली. व्हिटा १९६२ त वारली. १९६७ सालीं ती जागा ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टकडे गेली, आणि आजहि लोक ती पाहावयास जातात. या जोडप्याच्या खासगी आयुष्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. आम्हांस येथें त्यांच्या घराशीं काम आहे.

दुसरें दांपत्य अमेरिकेंतील, चार्ल्स व रे ईम्स. हीं दोघें खुर्च्या, टेबलें, चित्रपट, प्रदर्शनें यांचे रचनाकार. १९४५ सालीं लॉस अँजेल्समधील एका मासिकानें एक नामी उपक्रम काढला. युद्धानंतर लोकांस स्वस्त व चांगलीं घरें हवीं होतीं, म्हणून निवडक रचनाकारांकडून नमुन्याचीं घरें बांधवून तीं छापावयाचीं. (मासिकांच्या संपादकांनीं एवढें धाडस करावें, ही गोष्ट आमच्या संपादकांच्या नजरेस आणून देण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.) त्यांतील आठव्या क्रमांकाचें घर ईम्स दांपत्याचें. पहिला नकाशा असा होता कीं, टेकडीच्या उतारापासून निघून कुरणावर अधांतरीं पुलाप्रमाणें तें घर यावें. परंतु युद्धोत्तर टंचाईमुळें पोलाद यावयास फार उशीर लागला. तोंवर तीं दोघें त्या कुरणावर वनभोजनास जात, निलगिरीच्या झाडांखालीं बसत. बसतां बसतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण जें घर आंखलें आहे तें नेमकें या कुरणाचाच नाश करणार आहे. त्यांनीं नकाशा फाडला. मागविलेलें पोलाद तेंच ठेवून, त्यांत केवळ एका तुळईची भर घालून, त्यांनीं घर टेकडीच्या कुशीस, झाडांच्या रांगेमागें सरकविलें. कारखान्यांत तयार मिळणारे खांब, खिडक्या आणि पत्रे यांचेंच तें घर. त्याचा सांगाडा दीड दिवसांत उभा राहिला. १९४९ च्या डिसेंबरांत, नाताळच्या आदल्या दिवशीं, तीं दोघें तेथें राहावयास गेलीं आणि मरेपर्यंत तेथेंच राहिलीं. चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ रोजीं वारला. रे बरोबर दहा वर्षांनीं, त्याच तारखेस. २०२५ च्या जानेवारींत त्या भागांत भयंकर वणवा लागून सहस्रावधि इमारती जळाल्या, त्यांतूनहि हें घर वांचलें.

या दांपत्याचा आपल्या देशाशीं एक ऋणानुबंध आहे. १९५८ सालीं भारत सरकारच्या निमंत्रणावरून तीं दोघें येथें आलीं, हिंडलीं, आणि त्यांनीं एक अहवाल लिहिला. त्या अहवालाच्या आधारें १९६१ सालीं अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. आणि येथें पाहिलेल्या सर्व वस्तूंत त्यांस सर्वांत सुंदर काय वाटलें असेल? आपला तांब्या! किती पाणी मावावें, कमरेवर कसा बसावा, ओतावयास कसा कलावा, कांठ घासावयास हात कसा आंत जावा, याचा विचार पिढ्यान्‌पिढ्या कोणी नांव न सांगतां करीत आला, हें त्यांनीं ओळखलें. आपल्या माजघरांतील ज्या वस्तूकडे आपण ढुंकूनहि पाहत नाहीं, तिची पारख परक्या माणसानें करावी!

तिसरें दांपत्य आम्हांस सर्वांत जवळचें वाटतें, म्हणून त्यांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों. लॉरी बेकर हा १९१७ सालीं इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें जन्मलेला. वास्तुशास्त्र शिकला. धर्मानें क्वेकर, म्हणजे शस्त्र न धरणारा. म्हणून दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांत न जातां शुश्रूषापथकांतून चीन देशांत गेला. तेथून परततांना मुंबईस त्याला बोटीची वाट पाहत कांहीं महिने थांबावें लागलें, आणि त्या मुदतींत त्याची गांधीजींशीं भेट झाली. टाकाऊ चिंध्यांचे त्यानें स्वतः केलेले जोडे पाहून गांधीजींस कौतुक वाटलें. आदर्श गांवांतील आदर्श घर हें पांच मैलांच्या परिघांत मिळणाऱ्या सामानाचें असावें, ही गांधीजींची गोष्ट या तरुणाच्या मनांत कायमची रुतून बसली. १९४५ सालीं तो कुष्ठरोग्यांच्या सेवेस भारतांत परत आला, तो पुढें येथलाच झाला. येथें त्याची गांठ एलिझाबेथ जेकब या केरळीय डॉक्टरीणबाईंशीं पडली. दोन्हीं बाजूंच्या आप्तांस हा विवाह रुचेना. दोघांनीं घाई केली नाहीं, वाट पाहिली, आणि १९४८ सालीं लग्न केलें.

लग्नानंतर तीं दोघें हिमालयांत पिथोरागडाकडे गेलीं. त्या डोंगरांत वैद्यकीय मदतीची फार निकड दिसली, म्हणून तेथेंच राहिलीं. थोडींथोडकीं नव्हे, सुमारें सोळा वर्षें. बाईंनीं रोगी पहावे, बेकरनें डोंगराच्या उतारावर घर आणि रुग्णालय बांधावें, आणि वेळ पडेल तेव्हां शुश्रूषाहि करावी. विलायतेंतील विद्या तेथें फारशी कामीं येईना. सिमेंट व लोखंड डोंगरावर चढवावयाचें कसें? उलट तेथील शेतकरी दगड, माती व लांकूड यांचीं जीं घरें बांधीत, तीं थंडींत ऊबदार राहत आणि उतारावर घट्ट उभीं राहत. बेकरनें गवंड्यांस शिकविण्याऐवजीं त्यांच्यापासून शिकण्यास आरंभ केला. शिकलेल्या मनुष्यास हें किती कठीण असतें तें आम्ही शाळामास्तर चांगलें जाणतों.

१९६३ सालीं हें जोडपें केरळांत गेलें, आणि पुढें तिरुवनंतपुरम् शहरालगत नालांचिरा येथें एका उभ्या खडकाळ टेकडीवर त्यांनीं आपलें घर मांडलें. ती जागा अशी कीं, बांधकामास निरुपयोगी म्हणून कोणीहि सोडून द्यावी. आरंभीं लांकडाची एक खोली. मग जसजशी गरज पडे, पैसा येई आणि जुनें सामान मिळे, तसतशी एकेक खोली, एकेक चौक, एकेक पायरी वाढत गेली. घराचें नांव ‘द हॅम्लेट’, म्हणजे वाडी. आणि पाहावयास तें एका घराऐवजीं लहानशी वाडीच दिसतें. खडक फोडला नाहीं. खडक जेथें आडवा आला तेथें भिंत वळली. झाड तोडलें नाहीं. झाडासाठीं छप्पर मागें सरलें. गांवांत जुनीं घरें पाडलीं जात, त्यांचीं कोरीव दारें, खिडक्या व खांब इकडे येत. फुटक्या बश्या आणि रंगीत बाटल्या भिंतींत बसत आणि उन्हांत चमकत. पावसाचें पाणी उतारावरून वाहून न जातां सांठे.

या घरांत व बेकरनें बांधलेल्या इतर इमारतींत ज्या युक्त्या आहेत, त्यांतील तीन आमच्या वाचकांस समजावून सांगण्यासारख्या आहेत. पहिली, विटेची पोकळ भिंत. नेहमीं वीट पसरट निजवितात; बेकर ती कडेवर उभी करवी, आणि दोन उभ्या विटांमध्यें पोकळी ठेवी. गवंडी हिला ‘रॅट ट्रॅप बाँड’ म्हणतात. भिंतीची जाडी तीच, परंतु विटा सुमारें एकचतुर्थांश कमी, आणि मधल्या हवेमुळें ऊन आंत उशिरां पोंचतें. दुसरी, कौलें घातलेली स्लॅब. सिमेंटच्या छपरांत खालच्या बाजूस ताण येतो, तो लोखंडी सळया सोसतात. तेथील काँक्रीट बहुतेक निव्वळ ओझें असतें. म्हणून सळयांमधल्या जागीं टाकाऊ मंगलोरी कौलें बसवावयाचीं. ओझें कमी, खर्च कमी, आणि छत खालून पाहिलें असतां नक्षीदार. तिसरी, खिडकीऐवजीं विटांची जाळी. खिडकीस चौकट, फळी, गज, कांच, बिजागऱ्या, रंग. तेवढ्याच आकाराच्या भिंतीपेक्षां ती कितीतरी महाग. जाळींतून वारा येतो, उजेड येतो, आणि रस्त्यावरील दृष्टि आंत शिरत नाहीं. आमच्या जुन्या झरोक्यांचेंच हें भावंड.

बेकरनें तिरुवनंतपुरम् येथील सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज ही मोठी संस्था बांधली, तशींच कोळ्यांचीं व गरिबांचीं लहान घरेंहि बांधलीं. त्यास भारताचें नागरिकत्व मिळालें, १९९० सालीं पद्मश्री मिळाली, आणि २००७ च्या एप्रिलांत त्यानें देह ठेविला. पण आमच्या मतें त्याच्या घराची खरी खूण निराळी आहे. तें घर कधींच ‘पुरें’ झालें नाहीं. आम्ही सदनिकेच्या चाव्या हातीं घेतों त्या दिवशीं तिचें बांधकाम संपतें, आणि दुसऱ्या दिवसापासून ती झिजूं लागते. तें घर वाढत होतें, कारण त्यांतील संसार वाढत होता.

या तिन्हीं दांपत्यांत साम्य कोणतें? एकास पडका वाडा, दुसऱ्यास कारखान्यांतील सामान, तिसऱ्यास ओसाड खडक. तिघांपाशींहि आपल्या कल्पनेंतील घराचें चित्र असलें पाहिजे. परंतु जागेनें त्या चित्राला हरकत घेतली तेव्हां तिन्हीं जोडप्यांनीं जागेचें ऐकलें. आणि दुसरें साम्य हें कीं, दोघांपैकीं एकानें बांधलें व दुसऱ्यानें सोसलें, असें कोठेंहि झालें नाहीं. ‘दंपती’ शब्दाचें द्विवचन त्यांनीं खरें केलें.

कोणी म्हणेल, हीं कलावंतांचीं आणि साहेबलोकांचीं कौतुकें. आम्हां मध्यमस्थितींतील कुटुंबांस त्यांचें काय? तर मग आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट ऐका. नांवगांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कृष्णाकांठच्या एका गांवीं त्यांचा दोन चौकांचा वाडा. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानंतर जुन्या वाड्यांचीं भाडीं जेथल्या तेथें गोठलीं, मालकांस डागडुजी परवडेना, आणि अनेक वाडे बिऱ्हाडकरूंच्या गर्दींत खचत गेले. पुण्यांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें नदीकांठचे उरलेसुरले पाडले. या विद्यार्थ्याच्या वाड्याचीहि तीच कथा, पूर मात्र वगळून. पुढचा चौक बराच ढासळला; मागील चौकांतील धान्याचें कोठार व तबेला एवढेंच धड राहिलें. थोरल्या भावाचें मत, सगळेंच बिल्डरला द्यावें. धाकटा, म्हणजे आमचा विद्यार्थी, आणि त्याची पत्नी, दोघेंहि नोकरी करणारीं. त्यांनीं मात्र मनांत आणलें कीं, कोठाराचें व तबेल्याचें घर करून आईसह तेथें राहावयाचें. त्यांनीं बिल्डरच्या भावानें थोरल्याचा वांटा देऊं केला. थोरल्यानें मान्य केलें. कागद तयार झाले. एकच गोष्ट उरली होती. बहीण इंदुरास दिलेली, तिचें हक्कसोडपत्र.

तिची सही टपालानें मागवावी, ती ‘नाहीं’ म्हणावयाची नाहीं, असें दोघां भावांचें ठरलें. हीं मंडळी आमच्याकडे आलीं तीं खरें तर नकाशा दाखवावयास. नकाशा पाहून झाल्यावर ती सून म्हणाली, “गुरुजी, एक विचारूं? वन्संची सही अशी मागवूं नये असें मला वाटतें. त्यांना बोलवावें, सगळें डोळ्यांनीं पाहूं द्यावें, आणि मग त्यांनीं ठरवावें. हें घर म्हणजे माझ्या मनांतली फार दिवसांची हौस आहे. पण त्याची एक भिंत वन्संना न विचारतां घेतलेली असली, तर मला त्या घरांत झोंप यावयाची नाहीं.”

तिचा नवरा गप्प बसला. आम्हीहि क्षणभर गप्प बसलों, कारण तिच्या बोलण्यास जोड देण्याचें कारणच नव्हतें. कायदाहि तिच्याच बाजूचा आहे. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या मिळकतींत वारसाहक्क दिला. १९९४ त महाराष्ट्रानें आणि २००५ त साऱ्या देशानें वडिलोपार्जित मिळकतींत तिला मुलाच्या बरोबरीनें जन्मसिद्ध वांटा दिला. आणि २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यावरील शंका मिटविल्या. पण कायदा पुस्तकांत असतो आणि ओवाळणीच्या ताटांत ‘सही कर गं’ असतें. व्हिटेला तिच्या देशाच्या रूढीनें उंबऱ्याबाहेर ठेविलें. आपल्याकडे कायद्यानें दार उघडलें तरी आपण माणसें तें प्रेमाच्या शब्दांनीं लोटून घेतों.

बहीण आली. आठ दिवस राहिली. आईबरोबर मागच्या चौकांत हिंडली, कोठाराच्या उंबऱ्यावर पुष्कळ वेळ बसली. मग सर्वांदेखत म्हणाली, “मला कांहीं नको असें मी म्हणणार नाहीं. मुलाचें शिक्षण आहे, पैसा लागतो. पण एकदम देऊं नका, तुमच्या घराचें काम अडेल. चार वर्षांत द्या. आणि तबेल्याकडची एक खोली माझी म्हणून ठेवा. भाड्यानें द्यावयाची नाहीं, विकावयाची नाहीं. यावेंसें वाटलें तर कोणाला न विचारतां येतां यावें, एवढ्यासाठीं.” वकिलाकडून तसें लिहवून त्यांनीं तें रीतसर नोंदविलें. तोंडी वचनावर तें ठेवूं नये, असा आग्रह आम्हीं धरला. कारण पुढच्या पिढीस वचनें ऐकूं येत नाहींत, कागद वाचतां येतो.

आज त्या कामास दोन वर्षें होत आलीं. कोठाराच्या जाड भिंतींत चौकाच्या बाजूनें दोन खिडक्या काढल्या, त्याहि वरच्या तुळईस टेकू देऊन, जाणत्या इंजिनिअरच्या नजरेखालीं. वाळवीनें खाल्लेल्या तीन तुळया काढून पडक्या चौकांतील धड सागवान तेथें चढविलें. पडलेल्या भिंतींच्या विटा निवडून पुन्हां वापरल्या. कौलें उतरवून, धुवून, फुटकीं बाजूला काढून पुन्हां घातलीं. भिंतींस सिमेंटचा गिलावा करावा असें कोणी सुचविलें, तें त्यांनीं मानलें नाहीं आणि योग्यच केलें. मातीच्या व चुन्याच्या भिंती ओल शोषितात आणि सोडतात; सिमेंटनें त्यांचें तोंड बांधलें कीं ओल आंत कोंडते, मीठ फुटतें, आणि दोनतीन पावसाळ्यांत गिलाव्याचे पापुद्रे हातांत येतात. चुना मळणारा एक म्हातारा गवंडी शेजारच्या गांवीं सांपडला. त्याच्या हाताखालीं आतां दोन पोरें शिकत आहेत. तबेल्याचें काम अजून राहिलें आहे. आत्याची खोली मात्र आधीं पुरी केली.

ज्या वाचकांच्या मनांत असा कांहीं बेत असेल त्यांस अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. जुन्या इमारतीस हात लावण्यापूर्वीं एक पूर्ण पावसाळा तीत काढावा, निदान चारसहा वेळां भर पावसांत जाऊन पहावें. छप्पर कोठें गळतें, जोत्याशीं पाणी कोठें तुंबतें, तें उन्हाळ्यांत समजत नाहीं. लांकूड टोंचून पहावें. वरून गुळगुळीत दिसणारा खांब आंतून वाळवीनें पोकळ असूं शकतो. खर्चाचा जो अंदाज मिळेल त्यापेक्षां बरीच अधिक रक्कम हातीं असल्याशिवाय भिंत पाडूं नये, आणि एकदम सगळें न करतां एक खोली राहण्याजोगी करून मग दुसरीकडे वळावें. सर्वांत शेवटीं, म्हणजे खरें पाहतां सर्वांच्या आधीं, मिळकतीच्या कागदावर ज्यांचीं नांवें आहेत आणि ज्यांचीं असावयास पाहिजेत, त्या सर्वांची यादी करावी.

एक शब्द घरांतील वडीलधाऱ्या मंडळींसाठीं. मुलगा व सून निराळ्या घराच्या गोष्टी बोलूं लागलीं म्हणजे आपल्या पोटांत कालवतें. आपणांस टाकून हीं चाललीं, असें वाटतें. कधीं तें खरेंहि असतें. पण पुष्कळदां त्यांस आपल्यापासून दूर जावयाचें नसतें; आपल्या हातानें कांहीं उभें करावयाचें असतें. त्यांस रिकामा तबेला द्या, पडकी पडवी द्या, माळा द्या, आणि त्यांत ढवळाढवळ करूं नका. खिडकी कोठें असावी हें त्यांस ठरवूं द्या. आणि तरुणांस एवढेंच सांगणें कीं, नकाशा काढतांना जिना चढूं न शकणाऱ्या माणसाची खोली कोठें, हा प्रश्न शेवटच्या रेघेपर्यंत लांबवूं नका.

वास्तुपुरुष घरांत ‘तथास्तु’ म्हणत असतो, म्हणून वावगें बोलूं नये, असें आमच्या लहानपणीं सांगत. येत्या सणास ज्या घरीं सर्व भावंडें जमतील, त्यांनीं जेवणें झाल्यावर चौकांत किंवा दिवाणखान्यांत सतरंजी पसरावी, जुने कागद बाहेर काढावे, आणि माहेरीं आलेल्या लेकीसहि त्या सतरंजीवर बसवून घ्यावें. मग घर पाडावयाचें, विकावयाचें कीं त्याचें नवें करावयाचें, याचा विचार सर्वांनीं मिळून, मोठ्यानें बोलून करावा.